विमानातली वरची जागा : घ्यावी की न घ्यावी?

मंडळी, विमानाच्या भाड्याचा आणि आपला संबंध काय, असे काही वर्षांपूर्वी कुणी विचारले असते तर ते शोभले असते. आता तसे राहिलेले नाही. आपल्या गावचा एखादा मुलगा दुबईला गवंडीकामावर असतो, कुणाची लेक अमेरिकेत नांदत असते, कुणाचा भाचा जर्मनीत शिकत असतो. मुलीच्या बाळंतपणासाठी आई विमानाने जाते. जन्मात मुंबईपलीकडे न गेलेला माणूस नातवंडाचे तोंड पाहायला थेट सातासमुद्रापलीकडे उतरतो. तेव्हा हा विषय शहरातल्या श्रीमंतांचाच आहे असे समजून पान उलटू नका.

समजा, आपल्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी आहेत. ते आणि त्यांच्या पत्नी लेकीकडे न्यूयॉर्कला निघाले आहेत. लेकीला मुलगा झाला आहे. रात्रीचे अकरा वाजले आहेत. मुंबईच्या विमानतळावर तिकीट दाखवून सामान देण्यासाठी दोघे रांगेत उभे आहेत. काकूंचे गुडघे दुखतात, उभे राहवत नाही. नंबर लागतो. काउंटरवरची मुलगी संगणकाकडे पाहते आणि हसून म्हणते, "काका, बिझनेस क्लासमध्ये दोन जागा रिकाम्या आहेत. माणशी पंचेचाळीस हजार. एरवी ते तिकीट दोन लाखांच्या पुढे जातं. घ्यायच्या का? जरा लवकर सांगा हं, मागे रांग आहे."

गुरुजी काकूंकडे पाहतात. काकू हळूच म्हणतात, "अहो, नव्वद हजार म्हणजे काय थोडे झाले? राहू द्या." पण त्यांचा एक हात गुडघ्यावर असतो, आणि तो गुरुजींना दिसतो. चाळीस वर्षे मुलांना हिशेब शिकवलेल्या माणसाला त्या क्षणी हिशेब सुचत नाही. 'नको' म्हणावे तर बायकोच्या दुखण्यापेक्षा पैसा मोठा केल्यासारखे वाटते. 'हो' म्हणावे तर सहा महिन्यांची पुंजी एका रात्रीत गेली असे वाटते.

असा प्रश्न आला तर उत्तर कसे काढायचे, हे आज आपण पाहू. ते उत्तर काउंटरवर काढायचे नसते, घरून काढून न्यायचे असते. पण त्यासाठी ही वरची जागा ऐनवेळी स्वस्त का होते, ते आधी समजले पाहिजे.

आठवड्याचा बाजार आपण सगळेच पाहतो. सकाळी कोथिंबिरीच्या जुडीचा जो भाव असतो तो दिवस कलताना राहत नाही. विकणाऱ्याला ठाऊक असते की उद्या ही जुडी सुकणार, तेव्हा येईल त्या भावात ती काढून टाकलेली बरी. विमानातली खुर्ची कोथिंबिरीपेक्षाही नाशिवंत आहे. कोथिंबीर निदान दुसऱ्या दिवशी गुरापुढे तरी टाकता येते. विमानाचे दार लागले की रिकाम्या खुर्चीची किंमत शून्य. ती जागा साठवता येत नाही आणि उद्याच्या विमानात घालून विकताही येत नाही.

मग तुम्ही विचाराल, "असे असेल तर शेवटच्या दिवशी विमानाचे तिकीट स्वस्त व्हायला हवे. ते तर महाग होते!" प्रश्न अगदी बरोबर आहे. इथेच विमानाचा बाजार आपल्या बाजारापेक्षा निराळा पडतो. शेवटच्या दिवशी तिकीट काढणारा माणूस बहुधा अडलेला असतो. कुणाच्या घरी मयत झालेले असते, कुणाला कोर्टाची तारीख असते, कुणाला कामासाठी तातडीने पोहोचायचे असते. तो भाव करीत बसत नाही. म्हणून कंपनी काही जागा त्याच्यासाठी मुद्दाम राखून ठेवते.

किती जागा राखायच्या, याचे एक साधे गणित आहे. ते १९७२ साली त्या वेळच्या ब्रिटिश कंपनी बी.ओ.ए.सी.मधल्या केनेथ लिटलवुड यांनी मांडले. शिक्षक बंधुभगिनींनी ते फळ्यावर घेऊन पाहावे. समजा, आज एक गिऱ्हाईक एका जागेचे सहा हजार रुपये द्यायला तयार आहे. तीच जागा राखून ठेवली तर पुढे कदाचित दहा हजार देणारा येईल, पण येईलच असे नाही. तो येण्याचा संभव शंभरात साठाहून अधिक असेल तर जागा राखावी, कमी असेल तर आजच विकून मोकळे व्हावे. कारण दहा हजारांचे शंभरातले साठ म्हणजेच सहा हजार. गणित एवढेच. पुढे १९७७ साली अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीने रॉबर्ट क्रॅन्डल यांच्या पुढाकाराने, आगाऊ तिकीट काढणाऱ्यांसाठी 'सुपर सेव्हर' नावाची स्वस्त भाडी काढली. १९७८ साली अमेरिकेत भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले आणि मग हा हिशेब संगणकावर चढला. आज एकाच विमानात, एकाच रांगेत शेजारी शेजारी बसलेल्या तिघांनी तीन निरनिराळी भाडी दिलेली असतात, त्याचे मूळ या हिशेबात आहे.

आता वरच्या वर्गाकडे येऊ. बिझनेस क्लासमध्येही शेवटच्या घटकेला पूर्ण भाडे देणारा कुणी येईल म्हणून जागा राखलेल्या असतात. विमान सुटायला दोन दिवस उरतात, मग एक दिवस उरतो, मग काही तास. तो गिऱ्हाईक येण्याचा संभव घटत जातो. शेवटी संगणकाला दिसते की अमुक जागा रिकाम्या जाणार. त्या जाहीरपणे स्वस्तात विकायला काढल्या तर नेहमी पूर्ण भाडे देणारे शहाणे होतील, आणि पुढच्या वेळी तेही शेवटपर्यंत थांबतील. म्हणून कंपनी दुसरीच वाट धरते. ज्यांनी खालच्या वर्गाचे तिकीट आधीच काढले आहे, त्यांनाच ती विचारते, "थोडे पैसे भरता का? वर बसवतो." याला विमानाच्या भाषेत अपग्रेड म्हणतात. या प्रवाशाने एरवी दोन लाखांचे तिकीट कधीच घेतले नसते. तेव्हा तो जे काही देईल ते कंपनीला जवळजवळ सगळे वरकड मिळते. खर्च काय तो बऱ्या जेवणाचा आणि चादर-उशीचा.

दुसरेही एक कारण आहे. तिकीट काढूनही काही प्रवासी येत नाहीत, हे कंपन्यांना अनुभवाने माहीत असते. त्यामुळे इकॉनॉमी वर्गाची तिकिटे पुष्कळदा जागांपेक्षा जास्त विकलेली असतात. एका माणसाला वर नेले की खाली एक जागा मोकळी होते. आपल्या रेल्वेतही २००६ सालापासून अशी एक योजना आहे. वरच्या वर्गात बर्थ रिकामे राहणार असतील तर पूर्ण भाडे दिलेल्या काही प्रवाशांना जादा पैसे न घेता वर सरकवतात आणि खाली प्रतीक्षा यादीतल्यांची सोय करतात. 'माझे स्लीपरचे तिकीट होते, आणि बसवले थंड डब्यात' असे सांगणारे कुणीतरी तुमच्याही ओळखीचे असेल. रेल्वेने ते फुकट केले. विमानकंपनी शक्य तोवर त्याचे पैसे घेते, एवढाच फरक. विमानातही क्वचित कुणाला फुकट वर बसवतात, पण तो मान बहुधा त्या कंपनीने वरचेवर प्रवास करणाऱ्यांना मिळतो. चांगले कपडे घातले किंवा गोड बोलले म्हणजे वर बसवतात, ही ऐकीव गोष्ट आहे. तिच्यावर विसंबू नये.

हे सगळे सांगण्याचे कारण काय? तर काउंटरवरची ती मुलगी तुम्हाला फसवीत नाही आणि तुमच्यावर उपकारही करीत नाही. ती दिवस कलल्यावरची कोथिंबीर विकते आहे. घ्यायची की नाही, हे तुमच्या घरी आज भाजीला कोथिंबीर हवी आहे का, यावर ठरते. सकाळी भाव किती होता, यावर ठरत नाही.

बरीच माणसे चुकतात ती इथेच. 'दोन लाखांची वस्तू पंचेचाळीस हजारांत मिळाली, म्हणजे दीड लाखाच्या वर वाचले' असे मनात येते. पण गुरुजी दोन लाखांचे तिकीट काढणारच नव्हते. मग वाचले कुठले? खिशातून पंचेचाळीस हजार गेले, एवढेच खरे. दिवाळीच्या सेलमध्ये पाच हजारांची साडी दोन हजारांत घेतली म्हणून घरात तीन हजार येत नाहीत, हे आपल्या बायामाणसांना चांगले समजते. तोच न्याय इथे लावा. तो दोन लाखांचा आकडा कानावर पडला तरी त्याला हिशेबाच्या वहीत जागा देऊ नका.

मग वहीत काय लिहायचे? पैसे देऊन मिळते काय, ते आधी लिहू.

विमानात वर्ग पडले ते हळूहळू. एअर इंडिया इंटरनॅशनलचे मुंबईहून लंडनला जाणारे पहिले विमान ८ जून १९४८ रोजी कैरो आणि जिनिव्हामार्गे गेले, तेव्हा विमानप्रवास ही थोड्यांची चैन होती. अटलांटिक महासागरावरच्या विमानांत १९५२ साली 'टूरिस्ट' नावाचा स्वस्त वर्ग आला आणि १९५८ साली इकॉनॉमी वर्ग. म्हणजे आज आपण ज्याला साधा वर्ग म्हणतो, तो खरे तर नंतर आलेला धाकटा भाऊ आहे. स्वस्ताई आली ती जागा आवळून. आज लांबच्या प्रवासात इकॉनॉमीमध्ये एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीपर्यंतचे अंतर साधारण ३१-३२ इंच असते, काही विमानांत ते २८ इंचांपर्यंतही उतरते. बैठकीची रुंदी १७-१८ इंच. प्रीमियम इकॉनॉमी म्हणून मधला एक वर्ग असतो, त्यात हेच अंतर साधारण ३८ इंच मिळते, आणि खुर्ची थोडी रुंद असते. लांब पल्ल्याच्या बहुतेक विमानांत बिझनेस क्लासची खुर्ची पूर्ण आडवी होऊन सहा फुटांच्या वर लांबीचे अंथरूण होते. खरा फरक हा आहे. बाकीचे, म्हणजे काचेचा ग्लास, कापडी रुमाल, जेवणाचे चार प्रकार, ते सगळे तोंडी लावण्यापुरते.

आता पैसे देऊनही काय मिळत नाही, ते लिहू. वरच्या वर्गाने तुम्ही लवकर पोहोचत नाही. पुढचे आणि मागचे एकाच क्षणी जमिनीला टेकतात. हवाही दोघांना एकच. विमान आकाशात खूप वर असते, तेव्हा आतल्या हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच ठेवलेला असतो. आपले कळसूबाईचे शिखर ५,४०० फूट. म्हणजे विमानात बसलेला माणूस हवेच्या हिशेबाने कळसूबाईच्याही वर रात्र काढीत असतो. शिवाय ती हवा कोरडी असते. घसा सुकतो, डोके जड होते, पाय सुजतात. हे दोन्ही वर्गांत होते.

पायांचा विषय निघाला आहे तर एक भीतीही दूर करू. फार वेळ एका जागी बसून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली यासंबंधीच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तासांहून अधिक वेळ हालचाल न करता बसून प्रवास केला तर हा धोका साधारण दुप्पट होतो, पण तरीही तो सहा हजारांत एक इतका कमी असतो, असे त्यात म्हटले आहे. आणि हे फक्त विमानाचे नाही. मोटार, एस.टी. आणि आगगाडी यांनाही ते लागू आहे. यावरचा उपाय फुकट आहे. कडेची, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेलगतची जागा मागून घ्यावी, तासा-दीड तासाने उठून चार पावले चालावे, बसल्या बसल्या टाचा वर-खाली कराव्यात, पाणी पीत राहावे. ज्यांना पूर्वी अशी गाठ झाली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, कर्करोगाचे उपचार चालू आहेत किंवा जी बाई गरोदर आहे, त्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. पंचेचाळीस हजारांची खुर्ची हे औषध नव्हे, आणि ती न घेतल्याने आपण जिवाशी खेळतो असेही नव्हे.

तर मग मिळते ती आडवे होण्याची सोय. आता तिचा भाव काढू.

मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने साधारण पंधरा-सोळा तास लागतात. पंधरा धरू. पंचेचाळीस हजार भागिले पंधरा, म्हणजे तासाला तीन हजार रुपये. पण पंधराही तास काही आपण झोपत नाही. जेवण, उठबस, चढउतार सोडून आठ तास झोप मिळाली असे धरले, तर झोपेच्या एका तासाला सव्वापाच हजारांहून अधिक, नेमके म्हणायचे तर ५,६२५ रुपये पडतात. आता दुसरे उदाहरण घ्या. मुंबई ते दिल्ली विमान दोन-सव्वादोन तासांचे. त्यात कुणी वरच्या जागेचे सहा हजार मागितले तर तासाचा दर तेवढाच, तीन हजारांच्या आसपास. पण तिथे झोपायला वेळच नाही. विमान वर चढून स्थिर होते न होते तोच उतरायची तयारी. तेव्हा घरगुती लहान प्रवासात वरची जागा म्हणजे नुसती ऐट. सहा हजारांत घरी कितीतरी कामे होतील.

याच कारणाने रात्रीचे विमान आणि दिवसाचे विमान यांत फरक करावा. आपल्याकडून युरोप-अमेरिकेला जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिथे अंथरुणाला अर्थ आहे. दिवसा उजेडी जाणाऱ्या विमानात तुम्ही जागेच राहणार असाल तर अंथरुणाचे पैसे कशाला? वाटेत विमान बदलायचे असेल तर लांबच्या टप्प्यापुरतीच वरची जागा घ्यावी. तीन तासांच्या टप्प्यासाठी घेऊ नये.

नुसत्या तासाच्या दराने मात्र काम भागत नाही. त्याच पैशात दुसरे काय होईल, हे समोर मांडले पाहिजे. गुरुजींच्या घरी कोणत्या गोष्टी होत्या? एक, काकूंसाठी कडेची किंवा पाय पसरायला जास्त ऐसपैस असलेली इकॉनॉमीचीच खुर्ची. तिला जादा पैसे पडतात, पण वरच्या वर्गाच्या मानाने पुष्कळच कमी. मात्र संकटकाळच्या दाराजवळची जागा घेऊ नये. तिथे बसणाऱ्याला प्रसंगी ते दार उघडावे लागते, म्हणून गुडघेदुखीच्या माणसाला तिथे बसवीत नाहीत. दोन, विमानतळावर चालावे लागू नये म्हणून चाकाच्या खुर्चीची मदत. ती तिकीट काढतानाच नोंदवून ठेवावी. काकूंच्या गुडघ्यांना पहिला त्रास विमानात होत नाही, विमानतळावरच्या लांबलचक वाटांवर आणि रांगांत होतो. तीन, गावाहून रात्रभर एस.टी.ने येऊन तसेच विमानात चढण्याऐवजी आदल्या दिवशी मुंबईत नातेवाइकांकडे मुक्काम. आणि चार, उतरल्यावर पहिला दिवस पूर्ण विश्रांती, नातवाला आंघोळ घालायची ती दुसऱ्या दिवसापासून. या चार गोष्टींचा एकूण खर्च पंचेचाळीस हजारांच्या जवळपासही जात नाही, आणि काकूंचा निम्म्याहून अधिक त्रास त्यांनीच टळतो. हे करूनही रात्र जड जाणार असेल, तर मग वरच्या जागेचा विचार करावा.

आणखी एक गोष्ट आहे, तिचा हिशेब पैशांत होत नाही. दोन जागा नसतील, एकच असेल, तर? पुष्कळ जण म्हणतील, "त्यात काय, ज्याला दुखणे आहे त्याला बसवावे वर." पण काकूंना इंग्रजी येत नाही. जेवणाला काय हवे, समोरचा पडदा कसा चालू करायचा, खुर्ची आडवी कशी करायची, कळ कुठे आहे, हे सगळे विचारायचे कुणाला? गुरुजी तीस रांगा मागे, पडद्याआड. खालच्या वर्गाच्या माणसाला उठून पुढे येऊ देतीलच असे नाही. मऊ अंथरुणावर एकट्याने जागत बसण्यापेक्षा ओळखीच्या खांद्यावर मान टाकून अवघडलेली झोप काहींना बरी वाटते. काहींना नाही वाटत. ज्याचे त्याने, पण आधी एकमेकांना विचारून ठरवावे. काउंटरवर एकाने दुसऱ्यासाठी त्याग करीत बसू नये, कारण तिथे दोघेही खरे बोलत नाहीत.

लहान मुलाच्या बाबतीत मात्र फसू नका. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला, एकाच नोंदणीवर प्रवास करणाऱ्या आईवडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी जागा द्यावी, असा आदेश आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २०२४ साली विमानकंपन्यांना दिला आहे. तेव्हा 'मूल दूर बसेल' या धाकाने वरच्या जागेचे पैसे भरायचे कारण नाही.

ही विचारणा काउंटरवरच होते असे नाही. हल्ली प्रवासाच्या काही दिवस आधी मोबाइलवर निरोप येतो. कधी त्यात ठरलेली रक्कम असते. कधी चक्क लिलाव असतो. 'तुम्ही किती द्याल ते कळवा, पटले तर जागा तुमची.' लिलावात बोली लावणे म्हणजे शब्द देणे, हे लक्षात ठेवा. बोली मान्य झाली की पैसे तुमच्या कार्डावरून आपोआप कापले जातात, आणि मग 'नको' म्हटले तरी ते बहुधा परत मिळत नाहीत. बोली बहुतेक ठिकाणी माणशी असते आणि प्रत्येक टप्प्याची वेगळी असते. एका नोंदणीवर चौघे असतील आणि तुम्ही वीस हजार लिहिले असतील, तर ते ऐंशी हजार होऊ शकतात. मुलाने किंवा पुतण्याने मोबाइलवर हौसेने बोली लावण्यापूर्वी त्याला हे समजावून सांगा.

होकार द्यायचे ठरले तर काउंटरवर काही प्रश्न विचारलेच पाहिजेत. रांग मागे असली तरी लाजू नये. ही रक्कम माणशी की दोघांची? सगळे कर धरून एकूण किती? भारतातून निघणाऱ्या प्रवासात इकॉनॉमीच्या तिकिटावर ५ टक्के वस्तू व सेवा कर असतो, आणि वरच्या वर्गांवर तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे 'पंचेचाळीस हजार' हे कराशिवायचे असतील तर प्रत्यक्षात त्रेपन्न हजार शंभर होतात. खुर्ची पूर्ण आडवी होते का, की नुसती रुंद आहे? नाव एकच असले तरी सगळ्या विमानांत खुर्ची सारखी नसते. दोघांच्या जागा शेजारी आहेत का? सामान जास्त नेता येईल का, की ते पहिल्या तिकिटाप्रमाणेच? आणि शेवटचे, काही कारणाने वरची जागा मिळाली नाही तर पैसे परत कसे मिळतील? पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी.

उलट बाजूचाही एक नियम माहीत असावा. तुमच्याकडे वरच्या वर्गाचे तिकीट आहे आणि कंपनीने तुमच्या मर्जीविरुद्ध खाली बसवले, तर भारतात २०२३ सालापासून भरपाईचा नियम आहे. देशांतर्गत प्रवासात कर धरून तिकिटाच्या ७५ टक्के रक्कम परत द्यावी लागते. परदेश प्रवासात अंतराप्रमाणे ३०, ५० किंवा ७५ टक्के. १,५०० किलोमीटरपर्यंत ३०, त्यापुढे ३,५०० पर्यंत ५० आणि त्याहून लांब असेल तर ७५.

शिक्षक मित्रांना एक सुचवतो. वर्गात शेकडेवारी शिकवताना नेहमीच नफा-तोट्याची जुनी उदाहरणे न देता हे उदाहरण देऊन पाहा. पंचेचाळीस हजारांवर १८ टक्के कर किती, तासाला दर किती, झोपेच्या तासाला किती. मग मुलांना विचारा, "तुझ्या आजीला तू वरची जागा घेऊन देशील का?" मुले भराभर हात वर करतील. मग विचारा, "आणि तेच पैसे आजीच्या हातात दिले तर ती काय करील?" या दुसऱ्या प्रश्नाला वर्ग थोडा वेळ गप्प होतो की नाही, ते पाहा.

आता पुन्हा गुरुजींकडे. रांग खोळंबली आहे, मुलगी वाट पाहते आहे. गुरुजींनी हे भाषण आधी ऐकले असते तर काय झाले असते? निघण्यापूर्वी आठ दिवस, रात्री जेवणे झाल्यावर, दोघांनी बसून एक आकडा ठरवला असता. 'कर धरून माणशी पंचवीस हजारांपर्यंत मिळाली, दोघांना शेजारी मिळाली आणि अंथरूण होणारी असली, तरच घ्यायची. नाहीतर नाही.' तो आकडा एका कागदावर लिहून पासपोर्टात ठेवला असता. तुमचा आकडा पाच हजार असेल, एखाद्या शेतकऱ्याचा शून्य असेल, एखाद्याचा साठ हजारही असेल. त्यात कमीपणा नाही आणि मोठेपणाही नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे असे आपले वाडवडील सांगत आले. इथे तर साक्षात अंथरूणच विकायला आहे, तेव्हा ते पाहायचे आपल्या ऐपतीवरून, आणि पाय कुणाचे किती दुखतात त्यावरून. कर्ज काढून किंवा नातवाच्या नावाने ठेवलेले मोडून मात्र घेऊ नये.

पंचेचाळीस हजार पंचविसांहून जास्त, म्हणून गुरुजींनी हसत सांगितले असते, "नको बाई. आमच्या त्या कडेच्या दोन जागा मात्र नक्की करून दे. आणि हिच्यासाठी चाकाची खुर्ची सांगितली आहे, ती आली का बघ." काकूंनाही वाईट वाटले नसते, कारण तो 'नको' दोघांचा होता. आणि दाराजवळ पोहोचल्यावर समजा कुणी तीच जोडी कर धरून बावीस हजारांना देऊ केली असती, तर तितक्याच शांतपणे 'हो' म्हणून दोघे पुढे जाऊन आडवे झाले असते.

विमानाला जाणाऱ्या आपल्या गावच्या माणसाला निरोप देताना आपण नारळ देतो, औक्षण करतो, लोणच्याची बरणी नीट बांधून देतो. त्याबरोबर हा आकडा ठरवायचीही आठवण करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.